जळगाव-भुसावळहून मुंबईत फुटबॉल मॅच बघायला जाताय? तिकीट साडेतीनशेचं, खर्च किती ते आधी वाचा

पहिल्यांदा मुंबई सिटीची मॅच बघून भुसावळला परत आलो तेव्हा वडिलांनी चहा पिता पिता एवढंच विचारलं, तिकीट कितीचं होतं? म्हटलं साडेतीनशे. मग खिशातले बाकीचे कुठे गेले? बसून हिशोब लावला तर एकूण २६०० निघाले. जाताना लक्झरी ८००, येताना ७००, तिकीट अ‍ॅपची फी धरून ३९०, दादरहून टॅक्सी ३८०, बॅग ठेवायचे १००, खाणंपिणं २३०. मॅच बरोबरीत सुटली ते वेगळंच.

आता तीच ट्रीप मी चौदाशेच्या आसपास करतो, स्लीपरने झोपून जाऊन झोपून परत. मधला जो फरक आहे तो सगळा माहिती नसल्याचा दंड होता. आपल्याकडची नवी पोरं दर सीझनला हेच विचारतात, तिकीट कितीला पडतं भो, अन् मी म्हणतो तिकिटाचं सोड, ते सगळ्यात स्वस्त आहे, बाकीचं ऐक. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

१. आधी मॅच कोणती बघायची ते ठरवा

आपल्याला जवळची मोठी टीम म्हणजे मुंबई सिटी एफसी. २०१४ पासून आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये आहे, २०२०-२१ ला शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) अन् कप (शेवटची फायनल) दोन्ही जिंकले, २०२२-२३ ला परत शील्ड, अन् ४ मे २०२४ ला कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ हरवून परत कप. घरचं मैदान अंधेरी पश्चिमेला, मुंबई फुटबॉल अरेना. स्टेडियम छोटं आहे, सहा-सात हजारांचं, त्यामुळे स्वस्तातल्या सीटवरूनही खेळाडू ओरडतात ते ऐकू येतं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण टीव्हीवर बघून लोकांना वाटतं पुढचं महाग तिकीट काढलं तरच मजा. तिथे तसं नाहीये, उलट थोडं वर बसलात तर मैदान सगळं दिसतं, कोण कुठे पळतोय ते कळतं.

साधी लीग मॅच निवडा. बंगलोर किंवा मोहन बागान आले की गर्दी जास्त, स्वस्त स्टँड आधी भरतो. पहिल्यांदा जात असाल तर अशी मॅच घ्या जिच्याबद्दल कोणी फार बोलत नाहीये.

अन् एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, स्टारच्या नावावर तिकीट काढायचं नाही. ऑगस्ट २०२३ ला एशियन चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला अन् मुंबई सिटीच्या गटात सौदीची अल हिलाल आली, म्हणजे ब्राझीलचा स्टार नेयमार. आमच्या ग्रुपमध्ये त्या रात्री कोणी झोपलं नाही. मॅच ६ नोव्हेंबरची, सोमवार, म्हणजे सुट्टी टाकावी लागणार, तरी चौघांनी टाकली. १७ ऑक्टोबरला नेयमारचा ब्राझीलकडून खेळताना गुडघा गेला. आम्ही नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला बसलो, अल हिलाल २-० ने जिंकून गेली, नेयमार सौदीतही नव्हता. मॅच चांगली होती, खोटं नाही बोलणार, पण जो मित्र फक्त नेयमारसाठी आला होता तो हाफटाइमला मोबाईलवर रील्स बघत होता. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात गोव्यातही तेच, रोनाल्डोची अल नस्सर फातोर्ड्याच्या स्टेडियमला आली, रोनाल्डो आलाच नाही. म्हणून टीम बघायला जा, माणूस बघायला जाऊ नका.

२. फिक्स्चर (मॅचचं वेळापत्रक) पक्कं होईपर्यंत एक रुपया घालू नका

आयएसएल साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होते असं आपण धरून चालतो, पण २०२५-२६ चा सीझन कराराच्या भानगडीत अडकला अन् थेट फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाला. ज्यांनी दिवाळीनंतरची ट्रीप आधीच ठरवली होती त्यांचं काय झालं विचारू नका.

तारीख जाहीर झाली तरी दोन गोष्टी परत तपासायच्या. एक, किक-ऑफची म्हणजे मॅच सुरू व्हायची वेळ, संध्याकाळी ५ ची आहे का साडेसातची, कारण परतीची गाडी त्यावर ठरते. दोन, मैदान. घरची मॅच म्हणजे घरच्याच मैदानावर असं नसतं, वर सांगितलेल्या एशियन लीगमध्ये मुंबईचं घर पुण्यात बालेवाडीला होतं अन् अल हिलालची मॅच नेरूळला. अंधेरी समजून निघालात तर मुंबईच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावं लागेल.

३. तिकीट काढणे, अन् त्यात लपलेले पैसे

तिकीट ऑनलाइनच मिळतं, कुठल्या अ‍ॅपवर ते क्लबच्या अधिकृत सोशल मीडिया पेजवर लिंक देतात, तिथूनच जायचं. गुगलवर सर्च करून पहिली दिसेल ती साइट उघडू नका.

आता हिशोब. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो तो तुमच्या खात्यातून जाणारा आकडा नसतो. त्यावर कन्व्हिनियन्स फी लागते, त्या फीवर जीएसटी लागतो, शेवटच्या पानावर कधीकधी देणगीचे दोन-पाच रुपये आपोआप टिक केलेले असतात ते काढायचे. अन् एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये, मान्यताप्राप्त खेळाच्या मॅचचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर तिकिटावर जीएसटी नाही, ५०० च्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ५०० चं तिकीट ५०० लाच, पण ६०० वाल्यावर १०८ रुपये टॅक्स चढतो, ७०८ होतात. शंभर रुपयांनी भारी सीट घेतोय असं वाटतं, जातात दोनशे आठ. दाखवलेल्या किमतीत टॅक्स धरलाय का वेगळा लागणार ते पैसे भरायच्या आधी बघून घ्या. आयपीएलवाल्यांचे हाल तर विचारूच नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या तिकिटावर ४० टक्के आहे. त्या मानाने आपण फुटबॉलवाले सुखी.

पाच जण असाल तर एकाच्याच मोबाईलवरून एकत्र काढा, नाहीतर पाच जण पाच कोपऱ्यांत बसतात. पण मग गेटवर पाचही जण त्या एका मोबाईलपाशी हजर पाहिजेत. आमचा एक मित्र तिकीट घेऊन आत गेला अन् दोघं बाहेर वडापाव खात राहिले, आत नेटवर्क नाही, फोन लागत नाही, पहिला गोल त्या दोघांनी आवाजावरून ओळखला. अ‍ॅपमध्ये तिकीट दुसऱ्याला पाठवायची सोय असेल तर आदल्या दिवशीच ज्याचं त्याला पाठवून टाका. स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका, काही ठिकाणी क्यूआर बदलत राहतो, स्क्रीनशॉट चालत नाही.

लहान मुलं नेणार असाल तर किती वर्षांपासून पूर्ण तिकीट लागतं ते त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतं, वाचा. अन् एकदा काढलेलं तिकीट सहसा कॅन्सल होत नाही हे गृहीत धरूनच चाला.

४. ब्लॅक अन् टेलिग्रामवालं तिकीट

हा वेगळा मुद्दा करतोय कारण इथे माझे स्वतःचे ११०० गेलेत. एका मोठ्या मॅचच्या आधी एकाने टेलिग्रामवर लिहिलं, दोन तिकिटं आहेत, घरी लग्न आहे, जमत नाहीये, मूळ किमतीला देतो. प्रोफाइलला टीमच्या जर्सीतला फोटो. यूपीआय केलं, पीडीएफ आली, पीडीएफवर नाव, सीट नंबर, क्यूआर सगळं झकास. गेटवर स्कॅन केलं तर लाल लाइट. गेटवरचा पोरगा म्हणाला, दादा हे आज चौथ्यांदा आलंय. एकच तिकीट किती जणांना विकलं होतं देव जाणे.

साध्या लीग मॅचला ब्लॅकची गरजच पडत नाही, आदल्या दिवसापर्यंत बहुतेक वेळा सीट असतात. अन् ज्या मॅचला गरज पडते त्या मॅचला ब्लॅकवाला खरं तिकीट देईल याची खात्री नाही. सोल्ड आउट झालं असेल तर घरी बसून बघा, खरंच.

५. रेल्वे : खरा पैसा इथे वाचतो

पहिल्या ट्रीपला माझे १५०० लक्झरीत गेले होते कारण रिझर्वेशन नव्हतं, शुक्रवारची गर्दी होती अन् बसवाल्याने तोंडाला येईल तो रेट लावला. तेच स्लीपरचं तिकीट जळगाव किंवा भुसावळहून एका बाजूला तीनशेच्या आसपास पडतं.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. आपल्यासाठी हे बरंच झालं, तोवर फिक्स्चर बहुतेक वेळा आलेलं असतं. जायला विदर्भ एक्सप्रेससारख्या नागपूरकडून येणाऱ्या गाड्या आहेत, रात्री बसलं की सकाळी मुंबईत. धुळ्याच्या मंडळींनी चाळीसगावला यायचं. नंदुरबार, अमळनेरवाल्यांना सुरत लाईनची खान्देश एक्सप्रेस पश्चिम रेल्वेच्या बाजूला नेऊन सोडते, अंधेरीला ती बाजू सोयीची, पण ती रोज नाही, दिवस बघून घ्या.

तत्काळच्या नादी लागणार असाल तर आदल्या दिवशी एसीचं १० ला अन् स्लीपरचं ११ ला उघडतं, अन् जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आयआरसीटीसीचं खातं आधारने व्हेरिफाय केलेलं लागतं. हे ११ वाजायला पाच मिनिटं असताना करायचं काम नाही, आजच करून ठेवा.

आता परतीचे तीन ट्रॅप, तिन्ही मी किंवा माझ्या ओळखीच्यांनी भोगलेले:

तारखेचा ट्रॅप. साडेसातची मॅच साडेनऊच्या सुमारास संपते, मग परतीला महानगरीसारखी रात्री बारानंतर सुटणारी गाडी सोयीची पडते. पण बारानंतर म्हणजे तारीख बदलली. शनिवारी रात्री मॅच असेल तर गाडीचं तिकीट रविवारच्या तारखेचं पाहिजे. माझ्या मित्राने शनिवारचं काढलं होतं, त्याची गाडी आम्ही मुंबईत पोचायच्या आधीच निघून गेली होती. जनरलच्या डब्यात दाराशी बसून आला बिचारा.

बोर्डिंगचा ट्रॅप. तुम्ही चढणार कल्याणला अन् तिकिटावर बोर्डिंग सीएसएमटी असेल तर तुमची सीट मधल्या मधे दुसऱ्याला जाऊ शकते. तिकीट काढतानाच बोर्डिंग कल्याण टाका.

वेटिंगचा ट्रॅप. वेटिंगवर स्लीपरमध्ये चढून बघू काय होतंय ते, हे आता चालत नाही. टीसी दंड लावतो अन् जनरलला पाठवतो.

६. कल्याणहून अंधेरी, दादरला न जाता

पहिल्या वेळी मी दादरला उतरलो, पश्चिमेचा पूल शोधता शोधता घामाघूम झालो, शेवटी वैतागून टॅक्सी केली, ३८० रुपये. असं करू नका. कल्याण किंवा ठाण्याला उतरा, तिथून फास्ट लोकलने घाटकोपर, घाटकोपर स्टेशनलाच लागून मेट्रो वन आहे, वर्सोव्याकडे जाणारी पकडा अन् आझाद नगरला उतरा. अंधेरी स्टेशनला उतरायचं नाही, त्याच्या पुढचं. स्टेडियम तिथून चालत. लोकलला दहा-पंधरा रुपये, मेट्रोला जास्तीत जास्त ४०.

ठाण्याला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, कल्याणला थांबतात, म्हणून मी कल्याणच धरतो. अन् रविवारची मॅच असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारी बघून ठेवा, दुपारच्या वेळी मध्य रेल्वेच्या फास्ट लाईनवर ब्लॉक असला की अर्ध्या तासाचं अंतर दीड तासाचं होतं.

सकाळी पोचलात अन् मॅच संध्याकाळी, मग दिवसभर काय? आपल्याकडच्या निम्म्या घरांचं कोणीतरी कल्याण-डोंबिवलीत असतंच. माझी मावशी कल्याण पूर्वेला आहे, अंघोळ, जेवण, दोन तास झोप तिच्याकडे होते, बदल्यात मी एक किलो केळीचे वेफर्स अन् हिवाळा असेल तर भरताची वांगी नेतो. लॉजचे पैसे वाचतात, अन् वांगी नेली की मावशी उलट विचारते पुढची मॅच कधी आहे.

७. सोबत काय न्यायचं, काय नाही

न्यायचं:
- मोबाईल फुल चार्ज, तिकीट आधीच उघडून ठेवलेलं
- आधार किंवा दुसरं फोटोवालं ओळखपत्र, रेल्वेतही लागतं
- परतीच्या रेल्वेच्या तिकिटाचा मेसेज, नेटवर्क नसलं तरी दिसेल असा
- दोन-तीनशे रुपये सुट्टे नोटांत, कारण स्टेडियमभोवती गर्दीत यूपीआय अडकतं
- टीमचा स्कार्फ किंवा जर्सी असेल तर, नसेल तर निळा टी-शर्ट चालतो, पहिल्याच ट्रीपला जर्सी घेऊ नका

न न्यायचं: पॉवर बँक, पाण्याची बाटली, परफ्यूम, लायटर, काडेपेटी, तंबाखूची पुडी, मोठी बॅग, घरचं खाणं. नाणीसुद्धा काही ठिकाणी काढून घेतात.

घरच्या खाण्यावरून एक आठवलं. एकदा आईने कळण्याची भाकरी, ठेचा अन् भरीत बांधून दिलं, डबा तीन खणांचा, वर फडकं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने फडकं सोडलं, झाकण उघडलं, वास घेतला अन् विचारलं कुठले. म्हटलं भुसावळ. तो निघाला पाचोऱ्याचा. तरी आत सोडलं नाही, नियम तो नियम, पण म्हणाला बाजूला उभं राहून खाऊन घ्या, मी आहे इथे. आम्ही चौघांनी फुटपाथवर उभ्यानेच जेवून घेतलं अन् त्याला एक भाकरी दिली. डबा मात्र तिथे ठेवता येईना, शेवटी पानटपरीवाल्याकडे शंभर रुपये देऊन ठेवला, जसे पहिल्या ट्रीपला बॅगेचे दिले होते तसेच. स्टेडियमवर सामान ठेवायला जागा असेल असं धरून चालू नका. बॅग असेलच तर स्टेशनच्या क्लोक रूमला ठेवा, तिथे रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं अन् बॅगेला कुलूप पाहिजे, बिनकुलपाची घेत नाहीत.

आत पाणी अन् खाणं बाहेरच्यापेक्षा बरंच महाग. बाहेर पोटभर खा, आत फक्त पाणी घ्या.

८. आत गेल्यावर

किक-ऑफच्या एक तास आधी गेटवर. आरडाओरडा, ढोल, गाणी पाहिजे असतील तर वेस्ट कोस्ट ब्रिगेडची (मुंबई सिटीच्या सपोर्टरांचा ग्रुप) पोरं जिथे बसतात त्याच्या जवळचं तिकीट घ्या, पण तिथे नव्वद मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा. सोबत वडील, बायको, लहान मुलं असतील तर दुसरा स्टँड.

९. तरी परवडत नसेल तर

१४०० म्हणजे आमच्याकडच्या कित्येक पोरांची दोन-तीन दिवसांची कमाई, हे मला माहितीये. तिकडे इंग्लंडमध्ये पण हेच भांडण आहे बरं का. फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलने एका स्टँडचं तिकीट ७७ पाउंड करायचं ठरवलं तर हजारो लोक ७७ व्या मिनिटाला उठून स्टेडियमबाहेर गेले, टीम २-० ने पुढे असताना. मॅच २-२ झाली अन् मालकांनी चार दिवसांत माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने बाहेरगावी जाणाऱ्या सपोर्टरच्या तिकिटाला ३० पाउंडची मर्यादा घातली. आपल्याकडे मात्र बाहेरगावच्या सपोर्टरला कोण विचारतो, अन् आपलं दुखणं तिकीट नाहीच, आपलं दुखणं चारशे किलोमीटर आहे.

स्वस्तातला एक रस्ता सांगतो, कोल्हापूर. महाराष्ट्र एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून थेट कोल्हापूरला जाते, प्रवास लांबलचक आहे, पण शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची मॅच, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ वगैरे, एकदा बघाच, तिकीट आयएसएलपुढे अगदी किरकोळ अन् पब्लिक असं की अंधेरी विसराल. मुंबईत कामानिमित्त गेलात तर कूपरेजला लोकल लीगची मॅच आहे का बघा, चर्चगेटहून चालत जाता येतं.

१०. परत येणे

शिट्टी वाजली की लगेच निघा, सेल्फी आधी काढून घ्या. आझाद नगरला तिकिटाची रांग लागते, म्हणून मेट्रोचं परतीचं क्यूआर तिकीट मोबाईलवर आधीच काढलेलं बरं. घाटकोपरहून कल्याण, मधे भूक लागली तर स्टेशनवर वडापाव, अन् गाडी यायच्या आधी अर्धा तास प्लॅटफॉर्मवर. चढल्यावर झोपायच्या आधी अलार्म लावा, जळगावकरांनी तर नक्कीच, कारण भुसावळवाल्याला गाडी जास्त वेळ थांबते म्हणून जाग येते, जळगावला दोन-तीन मिनिटांत निघते. आमच्यातला एक जण दोनदा भुसावळला उतरून पॅसेंजरने परत गेलाय.

माझा शेवटच्या ट्रीपचा हिशोब : रेल्वे दोन्ही बाजू ६००, लोकल-मेट्रो-रिक्षा १५०, मॅचचं तिकीट फी धरून ३९०, खाणं २५०. एकूण १३९०. मावशीची वांगी घरच्या शेतातली होती, ती धरली नाहीत.